दमसासाची कमाई

पहाटे पाचच्या सुमारास आपल्या देशातल्या कोणत्याही मोठ्या शहराच्या रस्त्यावर उभे राहावे. दूध घालणारे, वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणारे, रात्रपाळी संपवून घरी निघालेले पहारेकरी ही मंडळी पूर्वीपासूनचीच. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांच्यात एका नव्या वर्गाची भर पडली आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर, बंगळूरच्या कब्बन पार्कात, कोलकात्याच्या मैदानावर, कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठी आणि दिल्लीत कर्तव्यपथाच्या कडेने काही माणसे धावताना दिसतात. कोणी हेल्मेट चढवून, सायकलला मागे तांबडा दिवा लावून गावाबाहेर पडतात. तर कोणी खांद्याला पिशवी अडकवून पोहण्याच्या तलावाचे दार उघडण्याची वाट पाहत उभे असतात. वये बहुधा तिशी ते पंचावन्न. व्यवसाय विचारला तर कोणी बँकेत, कोणी दवाखान्यात, कोणी शाळेत, कोणी माझ्यासारखा सरकारी कचेरीत. दहा वाजता हीच माणसे इस्त्रीचे कपडे घालून आपापल्या खुर्चीवर बसलेली असतात, आणि दुपारी तीनच्या बैठकीत त्यांना जांभई आवरत नाही, हेही खरे.

ही माणसे नेमके काय करतात आणि त्यामुळे त्यांच्या शरीरात व घरात काय घडते, एवढाच आजचा विषय आहे. पळणे, पोहणे आणि सायकल चालवणे यांत विशेष ते काय, असे कोणालाही वाटेल. परंतु वेगाने शंभर पावले धावणे ही एक गोष्ट झाली आणि बेताच्या गतीने सहा-सात तास शरीर हलते ठेवणे ही अगदी निराळी. पहिलीला ताकद लागते, दुसरीला दमसास. हा शब्द आपण एरवी गवयासाठी राखून ठेवला आहे. गवई पहाटे उठून खर्ज भरतो, मंद्र सप्तकातला एकेक स्वर लांबवीत बसतो. शेजाऱ्याला ते कंटाळवाणे वाटते. पण रात्रीच्या मैफलीतली दमदार तान त्या कंटाळवाण्या तासांतूनच निघालेली असते. लांब पल्ल्याच्या हौशी खेळाडूचा सराव याच जातीचा आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो जेवढा अचाट वाटतो, तेवढाच आतून संथ असतो. हा संथपणा कशासाठी, हे एकदा समजले की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते.

तिन्ही प्रकार एकत्र गुंफण्याची कल्पना हौशी माणसांचीच आहे. या स्वरूपाची पहिली आधुनिक शर्यत म्हणून १९७४ साली सप्टेंबरात अमेरिकेतील सॅन डिएगो येथे झालेल्या शर्यतीचा उल्लेख केला जातो. तीत उतरलेले जॉन कॉलिन्स हे नौदलातील अधिकारी पुढे हवाई बेटांत राहावयास गेले. तेथे मित्रमंडळींत एक वाद रंगे : अधिक काटक कोण, पोहणारा, धावणारा की सायकलस्वार? कॉलिन्स यांनी तोडगा काढला, की बेटावरचे तीन प्रसिद्ध पल्ले एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक पुरे करावेत, म्हणजे वाद मिटेल. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण निघाले. सुमारे ३.९ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणे. बारा जण शेवटास पोहोचले. पहिला आलेला गॉर्डन हॅलर हा टॅक्सी चालवीत असे. त्याला ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागले. वाद मिटला नाही, असे म्हणण्यास हरकत नाही. कारण तेव्हापासून जगभर दरवर्षी हजारो माणसे तो पुन्हा पुन्हा लढवीत आहेत. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये याच खेळाचा आखूड प्रकार दाखल झाला : दीड किलोमीटर पोहणे, ४० सायकल, १० धावणे. आपल्याकडे २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या पल्ल्याची शर्यत झाली आणि १.९, ९० व २१.१ हे तीन आकडे अनेक मध्यमवर्गीय घरांतल्या भिंतींवरील दिनदर्शिकांवर चढले.

शरीर कमावणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मात्र आपली परंपरा प्रामुख्याने तालमीची : जोर, बैठका, मल्लखांब, कुस्ती. लांब पल्ल्याच्या दमसासाची परंपरा शोधायची तर ती आखाड्यात नव्हे, वारीत सापडते. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. साठी उलटलेली, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई ते अंतर तीन आठवड्यांच्या आत चालून जाते. कारण मुक्काम ठरलेले असतात, रोजची मजल बेताची असते आणि वाटेत विसावे असतात. व्यायामशास्त्राच्या ग्रंथांत जे सांगितलेले असते, त्यातले निम्मे तरी या मुक्कामांच्या यादीत आहे. आणि धावण्याबाबत म्हणाल, तर १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले व एकोणिसावे आले होते. तो मार्ग नेहमीच्या मॅरेथॉनपेक्षाही अर्ध्या किलोमीटरने लांब होता.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियर्ड नावाचा एक गृहस्थ बुटांच्या कारखान्यात काम करीत असे. शरीरशास्त्राचे शिक्षण नाही, हाताशी प्रयोगशाळा नाही. त्याने स्वतःच्या शरीरावर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि निष्कर्ष काढला, की वेगाची तयारी करण्यापूर्वी कित्येक महिने नुसते संथपणे, पुष्कळ अंतर धावले पाहिजे. आठवड्याला शंभर मैल हे त्याचे माप. या पद्धतीने त्याने शेजारपाजारची मुले तयार केली. त्यांपैकी पीटर स्नेल याने आठशे मीटरचे आणि मरे हालबर्ग याने पाच हजार मीटरचे सुवर्णपदक १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी मिळवले. आठशे मीटरची शर्यत पावणेदोन मिनिटांत संपते. तेवढ्यासाठी आठवड्याला शंभर मैल कशाला, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी केला.

त्याचे उत्तर पुढे प्रयोगशाळेतून आले. स्नायूंच्या पेशींत तंतुकणिका नावाची सूक्ष्म अंगे असतात; प्राणवायूच्या साहाय्याने अन्नाचे ऊर्जेत रूपांतर करणाऱ्या त्या जणू भट्ट्याच. १९६७ साली अमेरिकेत जॉन हॉलोझी या संशोधकाने उंदरांना काही आठवडे सरकत्या पट्ट्यावर धाववून दाखवून दिले, की अशा सरावाने त्यांच्या स्नायूंतील या भट्ट्यांची कार्यशक्ती जवळजवळ दुप्पट होते. मनुष्यातही हेच घडते. भट्ट्या वाढतात, त्यांना रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, हृदयाचा डावा कप्पा विस्तारतो आणि एका ठोक्यात अधिक रक्त फेकू लागतो. म्हणून सराव करणाऱ्याची विश्रांतीतली नाडी सत्तर-पंचाहत्तरवरून पंचावन्न-साठवर येते. हे सारे बदल घडण्यास दमछाक व्हावी लागत नाही. वेळ मात्र द्यावा लागतो. उलट दमछाक होईपर्यंत रोज धावले तर शरीर दुरुस्तीतच गुंतून राहते, बांधकाम होतच नाही.

संथ म्हणजे किती संथ? याची कसोटी अगदी सोपी आहे. धावताना शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. वाक्य तुटू लागले, दोन-दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागला, की वेग अधिक झाला. स्टीफन सायलर या संशोधकाने नॉर्वेत राहून अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांच्या सरावाचा सुमारे ऐंशी टक्के भाग अशा सहज गतीचा असल्याचे दिसले. उरलेला पाचवा हिस्सा मात्र खरोखर कष्टाचा. हौशी माणूस नेमके याच्या उलट वागतो. त्याच्याजवळ सकाळचा एकच तास असतो. तेव्हा तासाभरात निघेल तितका घाम काढावा, असा त्याचा हिशेब. मग तो रोजच ना संथ ना जलद अशा मधल्याच गतीने धावतो, रोज थोडा थकतो आणि वर्षभराने पाहावे तर होता तेथेच असतो. मनगटावरचे घड्याळ हल्ली नाडीचे ठोके दाखवते, तरीही उद्यानात मागून येऊन कोणी पुढे गेला की सहज गतीचा निश्चय कोसळतो. मला वाटते, दमसासाच्या सरावात सर्वांत अवघड व्यायाम हाच आहे : कोणी पुढे गेले तर जाऊ देणे.

तिन्ही प्रकारांत पोहणे हे सगळ्यांत फसवे. धावणे-सायकल यांत दम असला की तंत्राची कसर काही अंशी भरून निघते; पाण्यात ती निघत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे, आणि वेग दुप्पट करू गेले तर त्याचा विरोध चौपट होतो. म्हणून जोराने हात मारणारा धट्टाकट्टा तरुण दोन फेऱ्यांत धापा टाकू लागतो आणि शेजारून एखाद्या पन्नाशीच्या बाई पाणी न उडवता निघून जातात. प्रौढपणी शिकणाऱ्याची पहिली अडचण श्वास घेण्याची नसून श्वास सोडण्याची असते. तोंड पाण्यात असताना तो श्वास कोंडून धरतो; मग बाहेर येताच क्षणभरात सोडणे आणि घेणे दोन्ही उरकू पाहतो, ते जमत नाही आणि घाबरगुंडी उडते. पाण्याखाली संथपणे बुडबुडे सोडत राहणे हा पहिला धडा. दुसरा धडा शरीर आडवे ठेवण्याचा. डोके वर उचलले की पाय खाली जातात, आणि मग माणूस पोहत नाही, स्वतःला ओढत नेतो. हे साधल्यावर उरते ती चिकाटी. पंचवीस मीटरच्या तलावात १.९ किलोमीटर म्हणजे शहात्तर वेळा ही भिंत ते ती भिंत. मोजणी चुकते म्हणून काठावर खडे ठेवणारे मी पाहिले आहेत. माळ ओढणाऱ्याला ही अडचण चटकन कळेल.

तलावात पोहणारा समुद्रात मात्र पुन्हा नवशिका होतो. तळाला काळी रेघ नाही, धरायला भिंत नाही, शेजाऱ्याची लाथ केव्हा बसेल याचा नेम नाही. दर आठ-दहा हातांनंतर डोळे पाण्यावर काढून किनाऱ्यावरची एखादी खूण पाहावी लागते, नाहीतर माणूस सरळ समजून तिरपा जात राहतो. आपल्या देशाला या समुद्री दमसासाची ओळख दोन बंगाली व्यक्तींनी करून दिली. मिहिर सेन हे पेशाने बॅरिस्टर. त्यांनी २७ सप्टेंबर १९५८ रोजी इंग्लिश खाडी पार केली, आणि १९६६ या एका वर्षात पाल्कची सामुद्रधुनी, जिब्राल्टर, दार्दानेल्स, बॉस्फरस व पनामाचा कालवा असे पाच जलमार्ग पोहून काढले. आरती साहा यांचा ऑगस्ट १९५९ मधील पहिला प्रयत्न फसला. महिन्याभरातच, २९ सप्टेंबर रोजी, त्या सोळा तास वीस मिनिटे पोहून पलीकडे पोहोचल्या.

सायकलचे तसे नाही. ती शिकवावी लागत नाही आणि गुडघ्यांना मारीत नाही. म्हणून सरावाचे सर्वाधिक तास तिच्यावर जातात. सपाट रस्त्यावर तीसच्या गतीने जाणाऱ्याचे बहुतेक श्रम हवा कापण्यात खर्च होतात, यासाठी हे सायकलस्वार पाठ वाकवून, कोपर आत घेऊन बसतात. पायांचा फेरा मिनिटाला ऐंशी-नव्वद इतका हलका ठेवावा, जड गिअर टाकून रेटू नये, एवढे सांगितले की तंत्राचा भाग बव्हंशी संपतो. उरतो खर्चाचा भाग, आणि तेथे माझे मत थोडे कडवट आहे. सायकलचे वजन दोन किलो कमी व्हावे म्हणून लाखाच्या वर रुपये मोजणारी माणसे स्वतःचे चार किलो फुकटात कमी होत असताना तिकडे लक्ष देत नाहीत. साधी, नीट तेलपाणी केलेली, आपल्या मापाची सायकल पहिली दोन-तीन वर्षे सहज पुरते.

खरी चिंता रस्त्याची आहे. दिल्लीचे सायकलस्वार रविवारी अंधारात उठून गुडगाव-फरीदाबाद रस्त्याला जातात, पुण्याचे सिंहगडाच्या पायथ्याशी, चेन्नईचे पूर्व किनाऱ्याच्या मार्गाने. सगळीकडे भीती एकच : मागून येणारा, रात्रभर जागा असलेला वाहनचालक. त्यामुळे आठवड्यातल्या दिवशी पुष्कळजण घरातच सायकलचे मागचे चाक लोखंडी यंत्रात अडकवून गच्चीत किंवा पडवीत तासभर पाय मारतात. तिचा घरघराट खालच्या मजल्यावर ऐकू जातो. शेजारधर्म म्हणून खाली जाडसर सतरंजी घालावी.

धावणे सर्वांत नैसर्गिक आणि सर्वांत घातक. प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट आघात पायावर येतो. येथे एक विसंगती ध्यानात ठेवली पाहिजे. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात. हाडे, सांधे आणि टाचेवरची कंडरा यांना मजबूत होण्यास कित्येक महिने लागतात. दम वाढला म्हणून माणूस अंतर वाढवतो, आणि नडगी किंवा टाच आतल्या आत कुरकुरू लागते. एका आठवड्यात दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये, असा एक नियम सांगितला जातो. त्याला शास्त्राचा फारसा भक्कम आधार नाही. पण सरकारी नियमांप्रमाणे त्याचाही उपयोग उतावळ्या माणसाला थोपवून धरण्यापुरता आहे. तीन आठवडे चढते काम आणि चौथा आठवडा हलका, ही रीत अधिक शहाणपणाची. श्रमाने शरीर मोडते. ते जुळते आणि पूर्वीपेक्षा घट्ट होते ते झोपेत. ज्याला झोपेला वेळ नाही, त्याने सरावाचा तासही त्यातून चोरू नये. चार तासांच्या झोपेवर उठून धावणारा माणूस शूर खरा, पण तो खात्यावर जमा न करता केवळ धनादेश फाडत असतो.

तीन खेळांचे सांधे जुळवणे हाही सरावाचा एक भाग आहे. सायकलवरून उतरून लगेच धावू लागले की पाय आपले वाटतच नाहीत, कोणाचे तरी उसने आणल्यासारखे लागतात. दोन-अडीच तास गोल फिरणाऱ्या पायांना आता वेगळ्या रीतीने चालावयाचे असते. महिन्यातून दोनदा तरी सायकलनंतर वीस मिनिटे धावून याची सवय करतात. या जोडसरावाला ही मंडळी ‘ब्रिक’ म्हणतात.

मग खाण्याचा प्रश्न. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे, सुमारे एक कॅलरी खर्च होते. सत्तर किलोच्या माणसाला मॅरेथॉनसाठी म्हणजे जवळजवळ तीन हजार कॅलरी लागतात. यकृत व स्नायू यांत साठवलेली साखर मात्र दोन हजारांच्या आसपासच. तिसाव्या किलोमीटरनंतर धडधाकट माणूस एकाएकी का कोलमडतो, हे या वजाबाकीवरून समजेल. चरबीचा साठा प्रचंड असतो, पण ती सावकाश जळते. संथ सरावाचा आणखी एक लाभ येथे दिसतो : शरीर चरबी वापरण्यास शिकते आणि साखर जपून खर्च करते. तरीही दीड-दोन तासांपुढच्या श्रमात वाटेत खाल्लेच पाहिजे. परदेशी पुड्यांतली गोड पेज मिळते. पण केळे, खजूर, राजगिऱ्याची वडी, उकडलेले रताळे हेही तेच काम करतात. उपवासाच्या फराळाची यादी या कामी इतकी तंतोतंत जुळते, की आपल्या आजीबाईंना कौतुक वाटावे. पाण्याबाबत मात्र दोन्ही बाजूंनी जपावे. आपल्या दमट हवेत तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि त्याबरोबर मीठही. केवळ साधे पाणी पीत राहिले तर रक्तातले मीठ धोक्याच्या पातळीखाली उतरते. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी तेरा टक्क्यांत असे आढळले होते. तहानेपुरते प्यावे, आणि त्यात मीठ-साखर-लिंबू असावे.

हवेविषयी दिल्लीकर या नात्याने बोलणे मला भाग आहे. येथे उघडे तलाव थंडीत बंद असतात, आणि धावण्यास योग्य असा गारवा येतो त्याच सुमारास, म्हणजे नोव्हेंबरात, हवा सर्वांत दूषित होते. धावताना माणूस विश्रांतीच्या आठ-दहा पट हवा छातीत भरतो. तेव्हा अशा सकाळी बाहेर धावणे म्हणजे आरोग्याच्या नावाखाली धूर पिणे होय. त्या दिवशी दारे लावून घरातली सायकल बरी. ‘नियम मोडायचा नाही’ असे म्हणून नाकाला फडके बांधून धावणारे मित्र मला आहेत. त्यांच्या निष्ठेबद्दल आदर आहे, बुद्धीबद्दल बोलत नाही.

याहून गंभीर गोष्ट हृदयाची. हालचाल हृदयाला हितकर, हे १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरून मोठ्या मार्मिकपणे दाखवून दिले. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. परंतु हितकर म्हणजे अमरपट्टा नव्हे. जिम फिक्स या अमेरिकन लेखकाने १९७७ साली धावण्यावर एक ग्रंथ लिहून लक्षावधी लोकांना रस्त्यावर आणले. १९८४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तोच धावताना कोसळून मृत्यू पावला. त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या चोंदलेल्या निघाल्या. त्याचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. धावण्याने त्याला मारले असे नाही. कदाचित नऊ वर्षे अधिकच दिली असतील. पण वारसा धावून मागे टाकता येत नाही. आपल्या लोकांत हृदयविकार इतरांपेक्षा लवकर गाठतो, हे वैद्यक सांगतेच. म्हणून चाळिशीनंतर हा नाद लागलेल्याने, विशेषतः ज्याच्या घरात असा इतिहास आहे त्याने, बूट घेण्याआधी वैद्याकडे जावे. रक्तदाब, साखर आणि श्रमावस्थेतले हृदय तपासून घ्यावे. आणि चढावर छातीत दाटले, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर ते पित्त आहे असे स्वतःच ठरवू नये. थांबावे, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

आता घरातल्या हिशेबाकडे येतो. अर्ध्या पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करणारा नोकरदार माणूस आठवड्याला आठ ते दहा तास सराव करतो : मंगळवार-गुरुवार पोहणे, बुधवार-शुक्रवार धावणे, शनिवारी लांब सायकल, रविवारी लांब धाव, सोमवार सुट्टी, असे काहीसे. कागदावर हे सुटसुटीत दिसते. पण हे दहा तास आकाशातून पडत नाहीत. पावणेपाचला उठायचे तर साडेनऊला निजले पाहिजे. म्हणजे पाहुण्यांना साडेआठला घड्याळ दिसू लागते. शनिवारी सकाळी मुलाला शिकवणीला कोण सोडणार? रविवारी दुपारी दोनला जेवून घोरणाऱ्या माणसाला घेऊन नातेवाइकांकडे कसे जाणार? ‘हौशी’ या शब्दात हौस आहे, आणि एकाची हौस दुसऱ्याच्या कामात भर घालून पुरी होत असेल, तर त्या दुसऱ्याला निदान विचारलेले तरी असावे. पती-पत्नींनी महिन्याच्या आरंभी एकत्र बसून वेळापत्रक ठरवलेली घरे मला ठाऊक आहेत. तेथे सराव वर्षानुवर्षे टिकतो. जेथे ते परस्पर ठरते, तेथे तो गुडघ्यामुळे बंद पडला असे बाहेर सांगितले जाते.

स्त्रियांच्या बाबतीत हा हिशेब आणखी कठीण आहे. पुरुष पाचला उठून थेट रस्त्यावर जातो; त्याच घरातली स्त्री धावू लागली तर पुष्कळदा ती चारला उठते, कणीक मळून, भाजी फोडणीला टाकून मग बूट चढवते. अंधारात एकटीने धावणे कितीतरी रस्त्यांवर शक्य नसते, म्हणून त्या चौघी-पाचजणींचा गट करून निघतात. एकजण आली नाही तर बाकीच्यांचा बेत डळमळतो; परंतु त्याचमुळे कोणी सहसा चुकतही नाही. पुरुषांच्या गटांत दिसते त्यापेक्षा अधिक शिस्त आणि कमी बढाई मला या गटांत आढळली. बोलण्याची कसोटी तर त्या काही न शिकवता पाळतात.

शर्यतीआधीचे दोन आठवडे हा या साऱ्या उद्योगाचा चमत्कारिक काळ. कमाई झालेली असते. आता नव्याने काही मिळवता येत नाही, मिळवलेले बिघडवता मात्र येते. म्हणून सराव निम्म्याहून कमी करतात, वेगाचे थोडे तुकडे तेवढे ठेवतात, आणि शरीराला साठा भरू देतात. महिनोन् महिने पहाटे उठलेल्या माणसाला ही सक्तीची विश्रांती सोसत नाही. पिंढरीत नसलेली कळ जाणवू लागते, साधी शिंक आली तरी ताप भरल्याचा भास होतो. तो घरभर येरझाऱ्या घालतो आणि दर तासाला गोव्याच्या हवामानाचा अंदाज पाहतो. माझ्या पत्नीने या पंधरवड्याचा उपयोग शोधून काढला आहे. माळ्यावरची सफाई, पंखे पुसणे आणि जुन्या पावत्यांची बाडे लावणे ही कामे ती वर्षभर त्यासाठी राखून ठेवते.